रेटरिक या शब्दाचं नक्की काय झालं? वक्तृत्व, अलंकार की पोकळ बोलणं?

पानोपानी:
नमस्कार मंडळी, दोन आठवडे एका शब्दावर अडकून बसलेय म्हणून शेवटी धागा काढतेय. राजकीय विचारांच्या इतिहासावरचा एक लांबलचक लेख मराठीत आणायचं काम हातात आहे आणि त्यात 'रेटरिक' हा शब्द दर थोड्या पानांनी वेगळ्याच अर्थाने येतोय. सुरुवातीला एका पुढाऱ्याबद्दल म्हटलंय की त्याच्या भाषणात नुसतं रेटरिक होतं, हाताला काही लागत नव्हतं. तिथे मी 'शब्दांचे बुडबुडे' लिहिलं, वाक्य छान बसलं. मग मधल्या भागात येतं की मध्ययुगातली मुलं व्याकरण, तर्कशास्त्र आणि रेटरिक शिकायची. आता मुलं काही वर्षानुवर्षं बुडबुडे शिकत नसणार, म्हणून 'वक्तृत्वकला' केलं, तर पुढच्याच परिच्छेदात लेखक सांगतो की त्या काळात हे शिक्षण मुख्यतः पत्रं लिहायला उपयोगी पडायचं! 'अलंकारशास्त्र' करून बघितलं, ते तर काव्याकडेच ओढून नेतं. आणि शेवटी 'विज्ञानाचं रेटरिक' असा शब्दप्रयोग आहे, म्हणजे शास्त्रज्ञ आपल्या निबंधात एकमेकांना कसं पटवतात ते, आणि तिथे टीकेचा सूर अजिबात नाहीये.

माझा समज असा की मुळात एक चांगला, मानाचा शब्द होता आणि तो मध्येच कधीतरी नासला. तर तो कधी आणि कोणामुळे नासला हे कोणी नीट सांगू शकेल का, आणि मराठीत एकच शब्द सगळीकडे चालवणं शक्य आहे का?

जुनी_पोथी:
धागा आवडला. पण नासला म्हणताय ते मला पटत नाही, कारण हा शब्द जन्मला तोच भांडणात.

परंपरेने सुरुवात सांगतात ती सिसिलीतल्या सिराक्यूजची. इ.स.पू. ४६६ च्या सुमारास तिथली हुकूमशाही पडली, बळकावलेल्या जमिनी परत मागायला लोक कोर्टात उभे राहिले, आणि कोराक्स व टिसियास या दोघांनी कोर्टात बोलायचं कसं ते शिकवायला सुरुवात केली. त्यांच्या नावावरचा एक युक्तिवाद ॲरिस्टॉटलने नोंदवून ठेवलाय तो बघा. मारामारीचा खटला आहे आणि आरोपी किरकोळ अंगाचा असेल तर त्याने म्हणायचं, मी एवढासा, मी कशाला कुणाच्या अंगावर जाईन? आणि आरोपी धिप्पाड असेल तर त्याने म्हणायचं, पहिला संशय माझ्यावरच येणार हे मला कळत नव्हतं का, मग मी असं कशाला करेन? दोन्ही बाजूंना पुरावा शून्य, सगळा खेळ 'काय संभवतं' याचा. ॲरिस्टॉटल तिथेच म्हणतो की दुबळा मुद्दा सबळ करून दाखवणं ते हेच आणि लोक यावर चिडायचे ते योग्यच होतं. म्हणजे बघा, चीड पहिल्यापासूनच आहे.

मग इ.स.पू. ४२७ मध्ये सिसिलीतल्याच लिओंटिनी शहराचा वक्ता गॉर्जियास वकील म्हणून अथेन्सला आला (वकील म्हणजे राजदूत या जुन्या अर्थाने) आणि त्याच्या बोलण्याने अथेन्सकर थक्क झाले. त्याचं हेलनच्या बचावाचं भाषण आज उपलब्ध आहे. त्यात तो म्हणतो की शब्द हा मोठा सत्ताधीश आहे, त्याचं शरीर सगळ्यात लहान, डोळ्यांना न दिसणारं, आणि कामं मात्र देवासारखी करतो. पुढे तो शब्दाची तुलना औषधाशी करतो, काही औषधं रोग संपवतात आणि काही माणूसच संपवतात, तसेच शब्द. एवढ्या उघडपणे आपल्या धंद्यातला धोका सांगणारा माणूस मला तरी फार प्रामाणिक वाटतो.

आता तुमचा शब्द. अथेन्समध्ये 'ऱ्हेटोर' म्हणजे सभेत उठून बोलणारा, ठराव मांडणारा, थोडक्यात राजकारणी. पण त्यावरून कलेचं नाव म्हणून बनलेला 'ऱ्हेटोरिके' हा शब्द ठळकपणे समोर येतो तो प्लेटोच्या 'गॉर्जियास' या संवादात. एडवर्ड शियापा नावाच्या अभ्यासकाने तर १९९० च्या सुमारास असं मांडलं की शब्द प्लेटोनेच घडवला असावा. सगळ्यांना ते मान्य नाही, पण विचार करा, एखाद्या विद्येचं नाव तिच्या सगळ्यात कडव्या विरोधकाच्या लिखाणातून रूढ व्हावं! त्या संवादात सॉक्रेटिस म्हणतो की ही कला नाहीच, हा नुसता सरावाने आलेला हातखंडा, खुशामतीचा प्रकार. वैद्यकाच्या जागी स्वयंपाक्याने येऊन बसावं तसं न्यायाच्या जागी हे येऊन बसलंय. आणि शेवटाकडे तो एक चित्र उभं करतो, ते मी कधी विसरत नाही. वैद्यावर खटला भरलाय, फिर्यादी आहे गोडधोड करणारा आचारी, आणि पंच म्हणून सगळी लहान मुलं बसलीत. आचारी म्हणतो, बाळांनो, या माणसाने तुम्हाला कडू काढे पाजले, कापलं, डागलं, उपाशी ठेवलं, आणि मी मात्र किती खाऊ दिला. वैद्याने खरं सांगितलं की हे सगळं तुमच्या तब्येतीसाठीच केलं, तर मुलं केवढा गलका करतील?

पण हाच प्लेटो 'फीड्रस'मध्ये म्हणतो की खरं रेटरिक म्हणजे शब्दांनी मनाला वाट दाखवणं, आणि ते करायचं तर आधी माणसांची मनं किती प्रकारची असतात ते शिकावं लागेल. ॲरिस्टॉटलने जणू तोच धागा उचलला. त्याची व्याख्या अगदी थंड डोक्याची आहे, कुठल्याही प्रसंगात पटवण्याचे कोणकोणते मार्ग उपलब्ध आहेत ते ओळखण्याची शक्ती म्हणजे रेटरिक. बोलणाऱ्याची विश्वासार्हता, ऐकणाऱ्याची भावना आणि खुद्द युक्तिवाद, या तिन्हीचा त्याने अभ्यास केला. रागाचीच गोष्ट घ्या, माणसाला राग केव्हा येतो, कोणावर येतो आणि कशामुळे येतो हे त्याने असं मांडलंय की मानसशास्त्राचं पुस्तक वाचतोय असं वाटतं.

उलटतपासणी:
मी कोर्टात उभी राहते म्हणून माझ्या बाजूने थोडं. जुनी_पोथी यांनी ग्रीकांचं छान सांगितलंय, पण रोमन लोकांपर्यंत या शब्दात केवढं काम भरलेलं होतं ते लोकांच्या लक्षात येत नाही. आपण रेटरिक म्हटलं की भाषा सजवणं धरतो. रोमन वक्ता सिसेरोच्या काळात त्याचे पाच भाग होते: मुद्दे शोधणं, ते क्रमाने लावणं, त्यांना शब्द देणं, लक्षात ठेवणं आणि प्रत्यक्ष सादर करणं. यातला पहिला भाग सगळ्यात मोठा आणि सगळ्यात अवघड, आणि त्यात हर्मागोरसची पद्धत वापरायचे. हा इ.स.पू. दुसऱ्या शतकातला ग्रीक शिक्षक. त्याने शिकवलं की कुठलंही प्रकरण हातात आलं की आधी वाद नेमका कुठे अडलाय ते शोधा. घटना घडली का? घडली असेल तर तिला म्हणायचं काय? ती योग्य होती की अयोग्य? आणि हा वाद चालवायची ही जागा बरोबर आहे का?

त्यांच्या पुस्तकांत पुन्हा पुन्हा येणारं उदाहरण आहे. देवळातून एकाने दुसऱ्या कुणाचीतरी खाजगी वस्तू चोरली. वस्तू उचलली हे तो कबूल करतो, म्हणजे पहिल्या प्रश्नावर भांडण संपलं. आता ही साधी चोरी की देवस्थानाचा अपहार? जागा पवित्र, वस्तू मात्र देवाची नाही. शिक्षेत जमीन-अस्मानाचा फरक. म्हणजे सगळा खटला एका व्याख्येवर टांगलेला.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा एकदम उभी राहून परत वाचलं, कारण मी रोज हेच करते आणि मला याला नाव आहे हेच माहीत नव्हतं. वकिलीच्या सुरुवातीच्या दिवसांत एका प्रकरणात मी दोन तारखा घटना घडली की नाही यावर खर्ची घातल्या, आणि समोरचा वकील शांतपणे ती घटना मान्य करून म्हणाला की याला फसवणूक म्हणतच नाहीत, हा नुसता करारभंग आहे. पायाखालची वाळूच सरकली. जे लोक रेटरिकला पोकळ म्हणतात त्यांना मला हेच सांगावंसं वाटतं की बाबांनो, यात विचार करायची शिस्त होती, ती कुणीतरी काढून घेतली आणि मग उरलेल्या टरफलाला तुम्ही नावं ठेवताय.

नवखा_वाचक:
वाचतोय, फार छान चाललंय. पण उलटतपासणी ताई, 'कुणीतरी काढून घेतली' म्हणजे कोणी? आणि ते पत्रांचं काय प्रकरण आहे, भाषणाची कला पत्रात कशी काय गेली?

समासातली_टीप:
पत्रांचं आधी सांगतो कारण ते मला फार आवडतं. रोमन साम्राज्यात आणि पुढे युरोपात सभा आणि खुली कोर्टं मागे पडली, पण कारभार तर चालूच होता, राजदरबार, चर्च, मठ, शहरं यांच्यात. आणि तो चालायचा पत्रांवर. मग अकराव्या-बाराव्या शतकात, इटलीत माँटे कॅसिनोच्या मठात आणि पुढे बोलोन्याला, पत्रलेखनाची वेगळी विद्याच उभी राहिली. पत्राचे पाच भाग ठरले: नमन, मर्जी संपादणं, हकीकत, मागणी आणि समारोप. आता यातला 'मर्जी संपादणं' हा भाग बघा, तो सरळ सिसेरोच्या भाषणाच्या सुरुवातीतून उचललाय, न्यायाधीशाला आपल्याकडे वळवायला जे करायचे तेच आता बिशपला पत्र लिहिताना करायचं. त्यात पत्रं बऱ्याचदा मोठ्याने वाचूनच दाखवली जायची, त्यामुळे भाषणातून पत्रात जाणं तेव्हा आपल्याला वाटतं तेवढं विचित्र नव्हतंच. पानोपानी, तुमच्या लेखातलं ते वाक्य अगदी बरोबर आहे.

(मध्ये ऑगस्टीन राहिला, पुढे ख्रिस्ती संत म्हणून ओळखला गेलेला. तो मिलानला रेटरिकचा शिक्षक होता, ३८६ साली नोकरी सोडली आणि त्या धंद्याबद्दल लिहिताना स्वतःला शब्दविक्या म्हणाला. पण म्हातारपणी प्रवचनकारांसाठी लिहिताना त्यानेच विचारलं की पटवण्याची कला खोट्याला उपलब्ध आहे, मग खऱ्याने निःशस्त्र का उभं राहावं?)

आता 'कोणी काढून घेतली' ते. माझ्या मते याचं सगळ्यात थेट उत्तर म्हणजे पेट्रुस रामुस, सोळाव्या शतकातला पॅरिसचा प्राध्यापक. हेतू वाईट नव्हता त्याचा, अभ्यासक्रम सुटसुटीत करायचा होता. मुद्दे शोधणं तर्कशास्त्रातही शिकवतात आणि रेटरिकमध्येही, मग एकच गोष्ट दोनदा कशाला? म्हणून शोधणं आणि क्रम लावणं त्याने तर्कशास्त्राकडे दिलं, स्मरणशक्ती वेगळा भाग म्हणून उरलीच नाही, आणि रेटरिककडे राहिली फक्त शैली आणि सादरीकरण. त्याचा सहकारी ओमेर तालों याने तसं पाठ्यपुस्तकही लिहिलं. रामुसला १५७२ मध्ये प्रोटेस्टंटांच्या सेंट बार्थोलोम्यू कत्तलीत मारलं, पण त्याची पुस्तकं पुढे बऱ्याच प्रोटेस्टंट शाळांत चालली. ही वाटणी कागदावर किती निरुपद्रवी दिसते, वेळापत्रक आखताना कोणीही करेल अशी, पण तिचा परिणाम असा की विचार एका खोलीत गेला आणि भाषा दुसऱ्या खोलीत. एकदा ते झालं की रेटरिक म्हणजे वरचा मुलामा हे ओघानेच आलं.

पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. १६६७ मध्ये थॉमस स्प्रॅटने रॉयल सोसायटी या इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांच्या संस्थेचा इतिहास लिहिताना आदर्श सांगितला तो असा की जेवढ्या गोष्टी जवळजवळ तेवढेच शब्द. आणि १६९० च्या आपल्या पुस्तकात इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने रेटरिकला चूक आणि फसवणूक यांचं बलवान हत्यार म्हटलं, सुव्यवस्था आणि स्पष्टता सोडली तर बाकी सगळी शब्दांची कला चुकीच्या कल्पना आत सोडायला आणि भावना भडकवायलाच असते म्हणाला. पण त्याच पुस्तकात मन कसं असतं हे सांगायला लॉकला कोऱ्या कागदाचं रूपकच घ्यावं लागलं, आणि आज लॉक म्हटलं की लोकांना तो कागदच आठवतो.

दूरचा_दिवा:
समासातली_टीप, तुमचा प्रतिसाद आवडला पण सगळं खापर रामुसवर फोडणं मला पटलेलं नाही. शब्दाचा अर्थ प्राध्यापक वाटण्या करतात म्हणून बदलत नाही, तो वापरायची जागा जाते म्हणून बदलतो. इ.स.पू. ४३ मध्ये सिसेरोला मारलं आणि त्याचं डोकं आणि हात आणून रोमच्या ज्या व्यासपीठावरून तो बोलायचा तिथेच टांगले. हात, म्हणजे ज्यांनी त्याचा राजकीय शत्रू मार्क अँटनी याच्याविरुद्धची भाषणं लिहिली ते. यापेक्षा स्पष्ट काय असू शकतं? त्यानंतर रेटरिक संपलं नाही, उलट शाळा भरभरून चालल्या, सम्राट व्हेस्पासियनने शिक्षकांना वर्षाला १ लाख सेस्टर्स पगार सरकारी तिजोरीतून सुरू केला, क्विंटिलियनने १२ खंडांचा ग्रंथ लिहिला आणि उत्तम वक्ता हा आधी चांगला माणूस असलाच पाहिजे असा आग्रह धरला. मान होता, पैसा होता. फक्त बोलण्याने काही ठरत नव्हतं, ठरवणारा एकच होता. मग शाळेत मुलं काय करायची तर काल्पनिक खटले लढवायची, समुद्री चाचे, जुलमी राजे, वारसा गमावलेली मुलं असले विषय. रोमन इतिहासकार टॅसिटसच्या संवादात एक पात्र हेच बोलतं की मोठं वक्तृत्व ज्वाळेसारखं असतं, त्याला जळण लागतं, आणि शांत, एकाच्या मुठीतल्या राज्यात जळण कुठून येणार. म्हणजे पोकळपणाची तक्रार रामुसच्या चौदाएकशे वर्षं आधीची आहे.

समासातली_टीप:
मान्य, जळणाचा मुद्दा मी सोडायला नको होता. तरी एक फरक धरून ठेवतो. रोमन शाळेत खटला काल्पनिक असला तरी त्या पोराला मुद्दे स्वतःच शोधावे लागायचे, उलटतपासणी यांनी सांगितलेले चारही प्रश्न विचारावे लागायचे. रामुसनंतरच्या रेटरिकच्या पुस्तकात ते प्रश्नच नाहीत. आणि जागेचं म्हणाल तर रामुसच्या आधीचा डच विद्वान इरास्मस बघा, त्याच्यासमोर कुठली मोठी सभा नव्हती, तरी १५१२ च्या त्याच्या पाठ्यपुस्तकात 'तुमच्या पत्राने मला फार आनंद झाला' एवढं एक वाक्य त्याने शंभराहून जास्त प्रकारे लिहून दाखवलंय. वरवर खेळ वाटतो, पण करून बघा, विसाव्या प्रकाराला तुम्हाला कळतं की वाक्य बदललं की म्हणणंही थोडं बदलतंय. भाषा आणि विचार तिथे अजून एकाच खोलीत आहेत.

जुनी_पोथी:
दोघांचं भांडण वाचून आनंद झाला, आणि यावरून आठवलं. न्यायसूत्रांत वाद, जल्प आणि वितंडा असे चर्चेचे तीन प्रकार आहेत. वाद म्हणजे सत्य शोधण्यासाठी केलेली चर्चा, जल्प म्हणजे जिंकण्यासाठी केलेली, आणि वितंडा म्हणजे स्वतःची बाजू न मांडता फक्त समोरच्याची खोडून काढणं. आज आपण 'त्यांच्यात वाद झाला' म्हणतो तेव्हा काय म्हणतो? सरळ भांडण. ज्याला सगळ्यात वरचं स्थान होतं तोच शब्द रोजच्या बोलण्यात घसरला. तेव्हा पानोपानी, तुमचा नासण्याचा मुद्दा मी आधी फार झटकून टाकला, शब्द घसरतात हे खरंच आहे.

विसाव्या शतकाचं थोडक्यात. १९३६ मध्ये इंग्रज समीक्षक आय. ए. रिचर्ड्स म्हणाला की रेटरिक म्हणजे गैरसमज कसे होतात आणि त्यावर उपाय काय याचा अभ्यास असायला हवा. १९५० मध्ये अमेरिकन समीक्षक केनेथ बर्कने पटवण्याऐवजी 'मी तुमच्यातलाच' असं वाटायला लावणं ही कल्पना मध्यभागी आणली. आणि मला सगळ्यात जवळचा वाटतो तो ब्रसेल्सचा तत्त्वज्ञ पेरेलमन. तो न्यायाच्या कल्पनेवर काम करत होता आणि अडला तो इथे, की एक मूल्य दुसऱ्यापेक्षा वरचं हे काटेकोर तर्काने सिद्ध होत नाही, तरी माणसं त्यावर वेड्यासारखी नाही तर समजून-उमजून चर्चा करतात. मग ती चर्चा चालते कशावर? याचा शोध घेत तो आणि ल्युसी ओल्ब्रेख्ट्स-टिटेका परत ॲरिस्टॉटलपाशी गेले आणि १९५८ मध्ये 'नवं रेटरिक' मांडलं. तुमच्या लेखातलं 'विज्ञानाचं रेटरिक' या पुनरुज्जीवनानंतरचं आहे, म्हणून त्यात शिवी नाही.

पानोपानी:
किती दिलंत तुम्ही सगळ्यांनी! काल रात्री लेख पुन्हा पहिल्यापासून वाचला आणि प्रत्येक ठिकाणी समासात लिहीत गेले की इथल्या 'रेटरिक'मध्ये मुद्दे शोधणं धरलंय की नाही. ४१ जागा निघाल्या. रोमपर्यंतच्या आणि मध्ययुगातल्या सगळ्या जागी धरलंय, लॉकच्या आसपास नाही, शेवटच्या भागात पुन्हा धरलंय. त्यामुळे एकच मराठी शब्द लावायचा विचार सोडला. जिथे विद्या म्हणून आलंय तिथे 'रेटरिक' तसंच ठेवतेय आणि पहिल्यांदा येईल तिथे लेखाच्या ओघातच 'पटवण्याची विद्या' असं उलगडून सांगतेय, पत्रांच्या परिच्छेदातही ते बसतं. पुढाऱ्याच्या वाक्यात 'शब्दांचे बुडबुडे' कायम.

फक्त एक जागा अजून अडतेय. लेखक एका क्रांतिकाळातल्या वक्त्याबद्दल म्हणतो की 'त्याच्याकडे रेटरिक होतं', बस, एवढंच, पुढे पूर्णविराम. स्तुती की टीका?

उलटतपासणी:
त्या वक्त्याचं भाषण लेखात पुढे उद्धृत केलंय का? केलं असेल तर त्यात त्याने वाद कुठे अडलाय ते पकडलंय का बघा. पकडलं असेल तर 'त्याला पटवता येत होतं' असं बिनधास्त लिहा.

पानोपानी:
केलंय, दीड पान आहे. आत्ता बघते.